सव्वा हात माती

परप्रांती नोकरीनिमित्त राहणाऱ्या आम्हा मराठी मंडळींच्या ट्रंकेत, विम्याचे कागद आणि मुलांची प्रगतिपुस्तके यांच्या तळाशी, घडी घातलेला एक कागद हटकून सापडतो. तो सातबाराचा उतारा असतो. त्यावर वडिलांचे वा आजोबांचे नाव असते, गट नंबर असतो, क्षेत्र असते आणि ‘आकार’ या सदरात इतके रुपये, इतके पैसे असा एक किरकोळ आकडा असतो. क्षेत्र काय ते सर्वांना समजते. आकाराकडे मात्र कोणी ढुंकून पाहत नाही, कारण ती रक्कम आता चहाच्या दोन पेल्यांनाही पुरत नाही. आम्हीही कधी पाहिले नव्हते. दोन वर्षांपूर्वी घरात जमिनीच्या वाटणीचा जुना विषय पुन्हा निघाला आणि त्या आकड्याच्या मागे जाता जाता आम्ही एका निराळ्याच इतिहासात जाऊन पडलो. जमिनीची लांबी-रुंदी मोजण्याचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे; हा इतिहास तिच्या खोलीचा आहे.

हकिकत थोडक्यात अशी. पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात, माळाच्या उतारावर, आमचे वडिलोपार्जित शेत आहे. आजोबांच्या पश्चात त्याचे दोन भाग झाले. वरचा भाग आमच्या वडिलांकडे आला, खालचा चुलत्यांकडे गेला. क्षेत्र सारखे, आकारही सारखा, तेव्हा वाटणीत कोणावर अन्याय झाला असे कोणालाच वाटले नाही. पुढे मात्र खालच्या भागात ज्वारी पुरुषभर वाढे आणि वरच्या भागात ती गुडघ्यावर येऊन सुकू लागे. वडील दूर नोकरीवर असल्यामुळे त्यांना वाटे की आपल्या वाट्याची मशागत नीट होत नाही. चुलत्यांना वाटे की आपण दुसऱ्याच्या जमिनीत राबतो आणि वर बोल ऐकून घेतो. गेल्या पिढीतली ही कुरबुर आमच्या पिढीत आली, तेव्हा आम्ही कारकुनी स्वभावानुसार भूमिअभिलेखांत जाऊन प्रतबुकाची नक्कल काढली. तीत एकोणिसाव्या शतकातली नोंद मिळाली. दोन्ही भागांची माती दुसऱ्या जातीची, म्हणजे तांबूस, खोली सव्वा हात, दोष उताराचा, किंमत आठ आणे.

नक्कल घेऊन आम्ही गावी गेलो आणि चुलतभाऊ, ज्यांना आम्ही दादा म्हणतो, त्यांना घेऊन शेतात पहार ठोकून पाहिली. वरच्या भागात ती वीतभर गेली आणि मुरुमावर खणकन वाजली. खालच्या भागात, बांधाच्या जवळ, ती दोन हात जाऊनही मऊ लागत होती.

या सव्वा हाताचा अर्थ समजण्यासाठी इंदापूर तालुक्यात आणि इसवी सन १८३५ मध्ये जावे लागते. पेशवाई बुडाल्यावर दख्खनच्या जमिनीवर सारा किती बसवावा, हा कंपनी सरकारपुढचा मोठा प्रश्न होता. रॉबर्ट कीथ प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने तो अर्थशास्त्राच्या पुस्तकातून सोडवू पाहिला. प्रत्येक जमिनीचे उत्पन्न काढायचे, त्यातून लागवडीचा खर्च वजा करायचा आणि उरलेल्या निव्वळ उत्पन्नाचे शेकडा पंचावन्न सरकारने घ्यायचे, अशी त्याची योजना होती. कागदावर ती निर्दोष होती. प्रत्यक्षात उत्पन्नाचे आकडे गावकामगारांकडून येत, ते कधी भीतीने तर कधी लाचेने फिरत, आणि त्यावर केलेले गणित जितके बारीक तितके चुकीचे होई. सारा भारी झाला, रयतेने जमिनी टाकल्या, इंदापुरातील शिवारे ओस पडली. तेव्हा गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी आणि विंगेट हा तरुण लष्करी इंजिनियर यांना ते काम देण्यात आले. या दोघांनी उत्पन्नाचा हिशेब गुंडाळून ठेवला आणि सरळ जमिनीलाच प्रश्न विचारला: तू किती खोल आहेस?

त्यांचा विचार साधा होता आणि आम्हांस तो अजूनही शहाणपणाचा वाटतो. दख्खनच्या अवर्षणी मुलखात पीक मातीच्या कसापेक्षाही तिच्यात मुरणाऱ्या ओलीवर अवलंबून असते. ओल किती धरून राहील हे मातीचा पोत आणि तिची जाडी यांवरून ठरते. म्हणून मातीच्या तीन जाती ठरल्या: बारीक पोताची काळी, तिच्याहून जाड पोताची तांबूस, आणि खडी-मुरुमाची बरड. मग जाडी हातांत मोजायची. हात म्हणजे अठरा इंच. पावणेदोन हात खोल काळी माती ही सोळा आण्यांची, म्हणजे पूर्ण किमतीची. दीड हात असेल तर चौदा आणे, सव्वा हात असेल तर बारा, एक हात असेल तर दहा, अशी ती उतरत जाई. तांबूस मातीला त्याच खोलीस एक पायरी कमी. वर उतार, चुनखडी, वाळूची मिसळ, पाण्याने धुपण्याची भीती असे दोष असतील तर प्रत्येक दोषाला आणखी एक पायरी खाली. एकूण नऊ प्रती होत्या आणि नववी प्रत दोन आण्यांची होती. प्रतबंदी करणारा कारकून शेताचे लहान लहान भाग कल्पी, प्रत्येक भागात माती उकरून पाही आणि वहीतल्या शेताच्या आकृतीत प्रतीचा आकडा व दोषाची खूण मांडी. १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट व डेव्हिडसन यांनी संयुक्त अहवाल लिहून ही पद्धत पक्की केली. पुढे ती मुंबई इलाख्यात सर्वत्र गेली, आणि वऱ्हाडातही.

येथे एक गोष्ट नजरेतून सुटू नये. पावणेदोन हातांच्या खाली माती आणखी कितीही असो, तिला मोल नव्हते; तेवढी खोली पुरेशी असे धरले होते. परंतु त्याच्या आतला प्रत्येक पाव हात एकेका प्रतीचा होता. म्हणजे साडेचार इंच माती गेली की जमीन एक पायरी उतरली. आमच्या शेताचे पाहा. तांबूस माती सव्वा हात म्हणजे दहा आणे, उताराचा दोष धरून आठ. आज वरच्या भागात अर्धा हात म्हणजे साडेचार आणे, आणि उताराचा दोष धरून तीन. आठ आण्यांची जमीन तीन आण्यांवर आली आणि कोणत्याही कागदावर त्याची शाई उमटली नाही.

ती उमटणारही नव्हती. दर तीस वर्षांनी साऱ्याची फेरतपासणी होई, बाजारभाव पाहून दर वरखाली होत. पण एकदा मान्य झालेली प्रतबंदी सरकारने पुढे कायमची मानली. यात रयतेविषयी सद्भावही होता, तो नाकारता येत नाही. कोणी बांध घातला, गाळ भरला, विहीर खणली तर त्या सुधारणेबद्दल सारा वाढू नये, असे १८६५ च्या कायद्यात आणि पुढे १८७९ च्या जमीनमहसुलाच्या कायद्यात घातले गेले. वाढलेल्या मातीवर कर नाही, हे उत्तम झाले. घटलेल्या मातीचे काय, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. कारण जमीन हलते असे विंगेटच्या काळी कोणाच्या मनात नव्हते. त्याच्या लेखी खोली हा जमिनीचा गुण होता, माणसाच्या उंचीसारखा. ती वस्तुतः शिल्लक होती, खात्यावरील रकमेसारखी.

मातीची खोली म्हणताना दोन गोष्टींची गल्लत होते, ती आधी सोडवली पाहिजे. एक खोली निसर्गाची: मुरुमापासून वरपर्यंतच्या सगळ्या मातीची. दुसरी खोली माणसाची: फाळ जेथवर पोहोचतो तेथवरच्या मोकळ्या, काळसर थराची. पहिली शेकडो-हजारो वर्षांत बनते, दुसरी औत ठरवते. दोन्हींचा संबंध असा की वरची माती धुपून गेली तरी फाळ तितकाच खोल जातो. मग तो दरसाल तळची थोडी नवी, नापीक माती वर ओढून वरच्या थरात मिसळतो. शेतकऱ्याला मोकळा थर पूर्वीइतकाच दिसतो. रंग थोडा फिका पडलेला असतो, खडे थोडे वाढलेले असतात, एवढेच. मूळ धन आटत असता व्याज मात्र पूर्वीचेच दिसावे, तशातला हा प्रकार आहे, आणि त्यामुळेच एका माणसाच्या हयातीत तो ध्यानात येत नाही.

फाळाचा इतिहास आपल्याकडे फार जुना आहे. राजस्थानात हनुमानगड जिल्ह्यात घग्गर नदीच्या कोरड्या पात्राकाठी कालीबंगा येथे पुरातत्त्व खात्याने १९६० ते १९६९ या काळात उत्खनन केले. ब्रजबासी लाल आणि बी. के. थापर हे त्याचे प्रमुख होते. तेथे तटबंदीच्या बाहेर, आग्नेयेस, नांगरलेले एक शेत निघाले. त्याचा काळ इसवी सनापूर्वी सुमारे २८०० धरतात. पुढच्या वस्तीच्या मलब्याखाली ते झाकले गेले म्हणून टिकले. तासे दोन दिशांची: पूर्व-पश्चिम जाणारी सुमारे ३० सेंटिमीटर अंतराची, आणि दक्षिणोत्तर जाणारी सुमारे १.९० मीटर अंतराची. त्या भागात आजच्या काळातही असेच आडवे-उभे तास धरून दाट तासांत कुळीथ वा हरभरा आणि विरळ तासांत मोहरी घेतात, हे लाल यांनी दाखवून दिले. नोंदी झाल्यावर ते शेत पुन्हा मातीने झाकण्यात आले, त्यामुळे पाहावयास जाणाऱ्याची निराशा होते. आमचीही झाली. हरियाणातील बनावली येथे भाजक्या मातीचा एक चिमुकला नांगर मिळाला आहे. तो पाहिला की ध्यानात येते की हे औत माती उकरणारे आहे, उलथणारे नव्हे.

हा उकरणारा नांगर चार-साडेचार हजार वर्षे मूळ स्वरूपात फारसा बदलला नाही. बैल वाढले: अथर्ववेदात सहा आणि आठ बैलांच्या नांगराचा उल्लेख येतो, आणि दख्खनच्या काळ्या रानातला जाड लाकडी नांगरही चार-चार, सहा-सहा बैलांनी ओढत. पण इतके करून तो जाई फार तर वीतभर. शिवाय काळ्या जमिनीत तो दरवर्षी घालीतच नसत. दरवर्षीचे काम कुळवाचे. वऱ्हाडात त्याला वखर म्हणतात. त्याची पास जमिनीच्या पोटात दोन-चार बोटे सरकते, तण कापते आणि वरचा थर भुसभुशीत करून खालच्या ओलीवर पांघरूण घालते. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, वरची ढेकळे भेगांत पडतात, पावसाने ती फुगून मिटते. म्हणून ही जमीन स्वतःच स्वतःला नांगरते असे जाणते शेतकरी म्हणत. इंग्रज अधिकाऱ्यांना आधी हा आळस वाटला. १८८९ च्या अखेरीस डॉ. व्होल्कर नावाचे रसायनशास्त्रज्ञ हिंदुस्थानची शेती सुधारण्यासाठी पाठवले गेले. वर्षभर हिंडून त्यांनी १८९३ साली जो अहवाल प्रसिद्ध केला, त्यात या देशी औतांची बरीच तरफदारी आहे. विलायती नांगर येथल्या बैलांना ओढवत नाही, आणि खोल उलथलेली माती येथल्या उन्हात ओल गमावते, हे त्यांनी मान्य केले. सुधारणा करायला येऊन आधी समजून घेणाऱ्या पाहुण्याचे हे उदाहरण दुर्मीळ आहे.

मग लोखंडी नांगर आला तो कशासाठी? मराठी वाचकाला ही कथा घरचीच आहे, पण तिची एक बाजू सांगितली जात नाही. बेळगावात सायकलींचे दुकान चालवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली पहिला लोखंडी नांगर केला. तो विकला जाण्यास दोन वर्षे लागली, कारण लोखंडाने जमिनीला विष होते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पुढे औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी जागा व कर्ज दिले, १९१० साली निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि नांगरांच्या त्या कारखान्यातून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, ज्याच्या पोटी मराठी मासिकांचे एक घराणेच जन्मास आले. ते सर्व ठाऊक आहे. ध्यानात घेण्याजोगे हे की शेतकऱ्याने हा नांगर मुख्यतः तणासाठी घेतला. हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या काळ्या रानात इतक्या खोल जातात की कुळवाला त्या दिसतही नाहीत. मजुरांच्या टोळ्या लावून कुदळींनी हरळी खणून काढावी लागे, आणि तो खर्च कित्येकदा जमिनीच्या किमतीशी स्पर्धा करी. लोखंडी नांगराने माती पालथी केली, मुळ्या उन्हात पडून वाळल्या, पडीक राने उठली. विषाची भीती खोटी ठरली. परंतु पालथी झालेली मोकळी माती वळवाच्या पहिल्या सरीला उघडी पडते, आणि उतारावर ती खाली जाते. भीती खोटी होती म्हणून भिण्याजोगे काहीच नव्हते असे नाही.

हीच गोष्ट स्वातंत्र्यानंतर मोठ्या प्रमाणावर झाली. भोपाळ, सागर, झाशी या बाजूस ज्यांची बदली झाली असेल त्यांनी कांस नावाचे गवत पाहिले असेल. शरदात त्याच्या पांढऱ्या तुऱ्यांनी रानेच्या राने फुललेली दिसतात आणि नवखा मनुष्य ते दृश्य पाहून हरखतो. शेतकरी हरखत नाही. कांस शिरले की शेत सोडून द्यावे लागे. महायुद्धानंतर अमेरिकन लष्कराचे उरलेले ट्रॅक्टर घेऊन मध्यवर्ती सरकारने केंद्रीय ट्रॅक्टर संघटना उभी केली, आणि १९४९ साली जागतिक बँकेकडून एक कोटी डॉलरचे कर्ज यंत्रांसाठी काढले. स्वतंत्र भारताला त्या बँकेने दिलेले हे दुसरेच कर्ज. पहिले त्याच वर्षी रेल्वेसाठी मिळाले होते. मुळ्यांच्या जाळ्याखालून फाळ जाईल इतकी खोल नांगरट भर उन्हाळ्यात करायची आणि मुळ्या भाजू द्यायच्या, ही रीत. लाखो एकर जमीन अशी लागवडीखाली आली. माणसाच्या पोटाशी तिचा संबंध होता, तेव्हा तिच्याविषयी तिरकस बोलण्याचा आम्हांस अधिकार नाही. चीनमध्ये १९५८ साली जे झाले ते मात्र वेगळे. तेथे जितके खोल तितके पीक अधिक अशा हुकमाने शेते कित्येक फूट खणण्यात आली, तळची निकस माती वर आली आणि पिके बसली. पुढे आलेल्या भीषण दुष्काळाच्या अनेक कारणांत हे एक होते. खोलीचा हुकूम कचेरीतून निघाला म्हणजे काय होते, हे आपण कचेरीतील माणसांनी तरी वाचून ठेवावे.

आता ट्रॅक्टरने आणखी एक खोली निर्माण केली आहे. वर्षानुवर्षे एकाच खोलीवर फाळ फिरला आणि वरून चाकांचा भार पडला की फाळाच्या तळाशी एक घट्ट थर बनतो. मुळे तेथे येऊन आडवी वळतात. पंजाब-हरियाणात भातासाठी चिखलणी करताना हा थर मुद्दामच धरू दिला जातो, कारण त्यावर पाणी उभे राहते. मग त्याच रानात गहू पेरला की तो थर शत्रू होतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीपासून तिकडचे पुष्कळ शेतकरी गव्हासाठी नांगरणी न करताच पेरू लागले आहेत. चंदीगड वा कर्नाल येथील आमच्या वाचकांना हे आमच्याहून चांगले ठाऊक असेल.

माती केवळ घटतेच असे नाही; वाढवताही येते. डार्विनने १८४२ साली आपल्या घराशेजारच्या कुरणावर खडूचे तुकडे पसरले आणि २९ वर्षांनी, १८७१ मध्ये, चर खणून पाहिला. तुकड्यांची पांढरी रेघ सात इंच खाली गेली होती. गांडुळांनी तितकी माती वर आणून टाकली होती. पण ते कुरण होते, तेथे फाळ नव्हता. हॉलंड व वायव्य जर्मनी येथील शेतकऱ्यांनी शतकानुशतके माळावरची गवताची ढेपे गोठ्यात अंथरून, शेणासह शेतात टाकून, वर्षाला सुमारे एक मिलिमीटर अशा गतीने जमीन उंच केली; काही ठिकाणी ती मीटरभर चढली आहे. माळ मात्र तेवढे बोडके झाले, हेही सांगितले पाहिजे. आपल्याकडे गावाचे दोन भाग मानतात, काळी आणि पांढरी: काळी म्हणजे पिकाची जमीन, पांढरी म्हणजे वस्तीची. वस्ती उठली की पांढरीची खतवट माती गाड्या भरभरून काळीत नेण्याची चाल दख्खनभर होती. इनामगावसारख्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांची उत्खनने करणाऱ्या संकालिया-ढवळीकरांसारख्या पंडितांना अशा पांढरी पोखरलेल्या मिळाल्या की हळहळ वाटे; शेतकऱ्याला वाटे की आजा-पणजांची राख आणि शेण नातवंडांच्या ज्वारीला लागले. दोघांचेही बरोबर आहे. याशिवाय ओघळीवर दगडी ताली घालून पावसाने वाहून येणारी माती अडवायची, दर दोन-चार वर्षांनी ताल उंच करायची आणि मुरुमावर शेत उभे करायचे, ही कला माळरानातल्या शेतकऱ्यांनी कोणत्याही खात्याच्या मदतीवाचून साधली होती.

खात्यानेही काही केले नाही असे नाही. पुण्याजवळ मांजरी येथे १९२३ साली ताम्हणे यांनी कोरडवाहू शेतीचे प्रयोग आरंभले, १९३३ साली सोलापूरचे संशोधनकेंद्र निघाले आणि कानिटकरांनी त्या कामावर १९४४ साली ग्रंथ लिहिला. वाहून जाणारे पाणी आणि त्याबरोबर जाणारी माती मोजण्यास तेथे आरंभ झाला. विंगेटनंतर सुमारे शंभर वर्षांनी कोणी तरी खोलीचा जमाखर्च मांडू लागले होते. १९४२ साली मुंबई सरकारने जमीनसुधारणेचा कायदा करून समपातळीचे बांध हाती घेतले, आणि १९७२ च्या दुष्काळात लाखो हातांना हेच काम मिळाले.

आता हिशेब. १९८३ साली ध्रुव नारायण व राम बाबू या शास्त्रज्ञांनी काढलेल्या अंदाजानुसार भारतात दरसाल ५३३.४ कोटी टन माती जागची सुटते. हेक्टरी सरासरी १६.३५ टन. एक हेक्टरवर एक मिलिमीटर माती म्हणजे साधारण तेरा टन. तेव्हा वर्षाला सव्वा मिलिमीटर. दीडशे वर्षांत हे होते सुमारे साडेसात इंच. अर्ध्या हातास दीड इंच कमी. आमच्या वरच्या शेतातून गेली पाऊण हात, म्हणजे साडेतेरा इंच. मधले सहा इंच कोठे गेले? याचे एक उत्तर विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात शास्त्रज्ञांनी नीट मोजून दिले: उतारावर पाऊस नसतानाही नुसते औतच माती खाली ढकलते. वर चढताना फाळाने सरकवलेली माती थोडी, खाली उतरताना पुष्कळ. शेताचा माथा उघडा पडतो आणि पायथ्याशी, बांधाला टेकून, माती साठते. दख्खनच्या कोणत्याही उताराच्या शिवारात जा. बांधाच्या वरच्या अंगाला जमीन जेवढी उंच असते त्याहून खालच्या अंगाला ती गुडघाभर तरी खाली दिसते. आम्ही लहानपणी त्या बांधावरून उड्या मारल्या आहेत. तो इतिहासाचा दस्तऐवज आहे हे तेव्हा कोण सांगणार?

त्याच अंदाजात आणखी एक आकडा आहे. सुटलेल्या मातीपैकी शेकडा २९ भाग समुद्राला मिळतो, १० भाग जलाशयांत साचतो, आणि ६१ भाग केवळ एका जागेवरून दुसऱ्या जागी जातो. सरकारी भाषेत बोलायचे तर निम्म्याहून अधिक मातीची फक्त बदली होते. आमच्या दोन शेतांमध्ये पूर्वी बांध नव्हता, वाटणीनंतर तो पडला. पण तो घातला गेला तेव्हा त्याच्या खालच्या अंगाला, जुन्या एकत्र शेताचा पायथा म्हणून, शंभर वर्षांची माती आधीच येऊन बसलेली होती. वाटणी करणाऱ्या पंचांनी आकार पाहिला. आकार प्रतबंदीतून आला होता, आणि प्रतबंदीत दोन्हीकडे सव्वा हात होते.

हे सर्व आम्ही ओसरीवर बसून चुलत्यांना, आमच्या तात्यांना, सांगितले. ते आता ऐंशीच्या पुढे आहेत. सगळे ऐकून घेतल्यावर ते म्हणाले, “अरे, एवढं कागद काढून शिकलास होय? तुझा बाप नोकरीवर गेला त्या सालापासून मी हेच सांगतोय, की वरल्या रानात कसूर नाही, मातीच नाही. त्याला वाटलं, मी कारण सांगतो.” थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग त्यांनीच विचारले, “खालच्या बांधाशी दोन हात भरली म्हणालास ना? आमच्याकडं सव्वाच्या वरची जी असंल ती तुमची. दादाला सांगतो, उन्हाळ्यात ट्रॉली लाव.”

अशा गोष्टीत आम्ही हक्काची भाषा बोलणार नव्हतो. सारखा आकार घेऊन सारखे वाटे झाले, त्यात तात्यांचा दोष काय? पण त्यांनी ऐकले नाही. गाळाचीही चौकशी केली. धरणा-तलावांतला गाळ शेतात टाकण्याची शासनाची योजना २०१७ पासून आहे, परंतु आमच्या माळापर्यंत वाहतूक परवडण्याजोगी नव्हती. शेवटी डिझेलचा खर्च आम्ही द्यायचा आणि यापुढे दोन्ही रानांत औत उताराला आडवेच चालवायचे, असे ठरले.

मे महिन्याच्या अखेरीस दादांचे पत्र आले. फोन असूनही त्यांनी पत्र लिहिले, कारण आकडे लिहून पाठवा असे आम्ही सांगितले होते. बांधाच्या खालून पंचवीस ब्रास माती काढली. ती वरच्या शेताच्या माथ्यावर, दहा गुंठ्यांच्या पट्ट्यात, पसरली. पहार घालून पाहिली, तो एक वीत चार बोटे भरली. पाऊस पडून दबली म्हणजे तीन बोटे धरावीत, असे खाली स्वतंत्र ओळीत लिहिले होते.